चौपाटीवरचे विमान आणि उड्डाणाची वही

मागल्या वर्षी कागल तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान प्रदर्शनाचे परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. ठिबक सिंचन, धुराडी, उसाच्या चिपाडापासून कागद, दरवर्षी न चुकता फुटणारा ज्वालामुखी असे सगळे होते. एका कोपऱ्यात थर्मोकोलचे विमान टांगले होते आणि मागच्या तक्त्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते : 'जगातील पहिले विमान – शिवकर बापूजी तळपदे, मुंबई, १८९५. राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी!' तक्त्याशेजारी नववीतली एक मुलगी उभी होती. तिने न अडखळता सगळी माहिती सांगितली. ऐकून झाल्यावर आम्ही विचारले, "बाळ, हे तुला कुठं मिळालं?"

"सरांनी सांगितलंय."

सर शेजारीच होते. ते म्हणाले, "आम्हीही ऐकीवच सांगतोय, सर. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी शिक्षकांच्या शिबिरात एका व्याख्यानात ऐकलं होतं." आणि मग थोडे संकोचून, "तुमच्याच."

ते खरे होते. संशोधक विद्यार्थी असताना आम्ही गावोगाव व्याख्याने देत असू आणि ही गोष्ट सांगितली की सभागृहात हमखास टाळ्या पडत. कोणी पुरावा विचारला नाही आणि आम्हीही कधी स्वतःला विचारला नाही. त्या दिवशी त्या मुलीला किती गुण द्यावेत हे आम्हाला ठरवता येईना. हा लेख त्या अडचणीतून निघाला आहे.

गोष्ट साधारण अशी सांगितली जाते. शिवकर बापूजी तळपदे यांचा जन्म १८६४ सालचा, मुंबईतल्या पाठारे प्रभू समाजातला. सर ज. जी. कला विद्यालयाशी त्यांचा संबंध होता. तेथील चिरंजीलाल वर्मा या शिक्षकांमुळे त्यांना प्राचीन विमानांची ओढ लागली. स्वामी दयानंदांच्या 'ऋग्वेदादिभाष्यभूमिका' या ग्रंथात नौका आणि विमाने यांवर एक प्रकरण आहे. मुंबईत आर्य समाजाची स्थापना १८७५ मध्ये झालेली होती आणि त्या वर्तुळातल्या तरुणांना हे प्रकरण चेतवणारे होते यात नवल नाही. तळपदे यांनी 'मरुत्सखा' नावाचे विमान तयार केले, १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर ते माणसाविना उडवले, ते दीड हजार फूट वर गेले आणि मग खाली कोसळले. न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव गायकवाड हे पाहायला हजर होते. 'केसरी'त बातमी आली होती. पुढे सरकारच्या दडपणामुळे मदत आटली आणि तळपदे यांच्या निधनानंतर विमानाचे अवशेष एका परदेशी पेढीला विकले गेले.

ही गोष्ट ऐकताना अंगावर काटा येतो. तिच्यात स्वदेशी बुद्धी आहे, दुष्ट सत्ता आहे, करुण शेवट आहे. शिवाय तिच्या शेवटाची आणखी एक सोय आहे. पुरावा का नाही, याचे उत्तर गोष्ट स्वतःच देऊन टाकते.

आता एकेक गोष्ट तपासू. माणसाविना उडणारा विमानाचा नमुना १८९५ मध्ये मुंबईत कोणी उडवणे अशक्य होते काय? मुळीच नाही. फ्रान्समध्ये आल्फोन्स पेनो या तरुणाने १८७१ मध्येच रबराला पीळ देऊन चालणारे छोटे विमान पॅरिसच्या बागेत लोकांसमोर उडवले होते. ते अकरा सेकंद हवेत राहिले आणि सुमारे चाळीस मीटर गेले. मे १८९६ मध्ये अमेरिकेत सॅम्युएल लँग्ली यांचे वाफेच्या इंजिनाचे मानवविरहित यंत्र पोटोमॅक नदीवर तीन हजार फुटांहून जास्त अंतर उडाले. त्या प्रसंगी टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल हजर होते आणि त्यांनी छायाचित्र घेतले. ते छायाचित्र आजही पाहता येते. म्हणजे कल्पना काळाच्या पुढची नव्हती, काळाला धरूनच होती. तेव्हा 'हे शक्य होते का' हा प्रश्न नाहीच. 'हे घडले का' हा प्रश्न आहे, आणि शाळेत आपण या दोन प्रश्नांची फार लवकर गल्लत करतो.

दीड हजार फूट या आकड्याकडे पाहा. मुंबईचा राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला. त्याची उंची २८० फूट. असे पाच टॉवर एकावर एक ठेवले तरी दीड हजार फूट भरत नाहीत. पॅरिसचा आयफेल मनोरा त्या काळी जगात सर्वांत उंच, तोही हजार फुटांच्या आतला. चौपाटीवरून एखादी वस्तू इतक्या उंचीवर गेली असती तर ती पाहायला आमंत्रण लागले नसते. गिरगाव, मलबार टेकडी आणि बंदरातल्या जहाजांवरचे खलाशी, सर्वांना ती दिसली असती. त्या वेळच्या मुंबईत इंग्रजी, मराठी, गुजराती वृत्तपत्रे भरपूर होती आणि बलून उडाला तरी रकानेच्या रकाने भरत. रानडे १८९३ पासून मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश होते. त्यांच्याविषयी आणि सयाजीरावांविषयी विपुल कागदपत्रे आणि चरित्रे आहेत. अशा प्रसंगाची त्या वेळची नोंद, तारखेसह, कोणी आजवर समोर ठेवलेली नाही. 'केसरी'चे नाव प्रत्येक लेखात येते, कात्रण एकातही येत नाही. जे लिहिले गेले ते त्यानंतर अनेक दशकांनी, आठवणींच्या आणि ऐकीव माहितीच्या आधाराने. आणि दर वेळी उंची, इंधन, साक्षीदार यांत काही ना काही भर पडत गेली.

याउलट काय असले म्हणजे एखादे उड्डाण झाले असे मानायचे, हे पाहण्यासाठी राइट बंधूंच्या कामाकडे जरा सावकाश पाहावे लागेल. आपण वर्गात १७ डिसेंबर १९०३ ही तारीख सांगतो आणि पुढे जातो. त्या तारखेच्या आधीची चार वर्षे सांगत नाही. खरी विद्या तिथे आहे.

विल्बर आणि ऑर्व्हिल हे डेटन गावचे सायकल दुकानदार. लहानपणी वडिलांनी त्यांना एक उडते खेळणे आणून दिले होते, तेही पेनो यांच्याच धर्तीचे. मे १८९९ मध्ये विल्बरने वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेला पत्र लिहून उड्डाणावरचे उपलब्ध वाङ्मय मागवले. जर्मनीत ओट्टो लिलिएंतालने सुमारे दोन हजार वेळा पंख बांधून टेकडीवरून झेप घेतली होती आणि ऑगस्ट १८९६ मध्ये अशाच एका झेपेत त्याचा अंत झाला होता. वक्र पंखांवर हवेचा किती जोर येतो याची त्याने कोष्टके करून ठेवली होती. ती कोष्टके हाताशी धरून राइट बंधूंनी १९०० आणि १९०१ मध्ये मोठी ग्लायडर बांधली. दुसरे तर गणिताप्रमाणे सहज उचलले जायला हवे होते. प्रत्यक्षात त्याला वर उचलणारा जोर गणिताच्या जेमतेम एक-तृतीयांश मिळाला.

इथे आमच्यासारख्या प्रयोगशाळेत आयुष्य घालवणाऱ्याला थांबावेसे वाटते. उत्तर चुकले की बहुतेक लोक यंत्राला दोष देतात, धीराचे लोक स्वतःला. या दोघांनी कोष्टकाला आणि सूत्रातल्या स्थिरांकाला प्रश्न विचारला. हवेच्या दाबासाठी अठराव्या शतकापासून स्मीटन नावाच्या इंग्रज अभियंत्याच्या नावावर ०.००५ हा गुणांक चालत आला होता. सगळे तो वापरत, कारण सगळे तो वापरत होते. राइट बंधूंनी आपल्या ग्लायडरच्या मोजमापांवरून तो सुमारे ०.००३३ असला पाहिजे असे काढले. आज मानला जाणारा आकडा जवळजवळ तोच आहे. म्हणजे जुन्या गुणांकाने उत्तर दीडपट फुगत होते.

पण तेवढ्याने सगळी तूट भरून निघत नव्हती. मग त्यांनी काय केले? सायकलच्या हँडलपुढे एक चाक आडवे बसवले, त्यावर एका बाजूला पंखाचा छोटा तुकडा आणि दुसऱ्या बाजूला सपाट पत्रा लावला आणि डेटनच्या रस्त्यावरून जोरात पॅडल मारत निघाले. चाक कोणीकडे वळते त्यावरून कोणाचा जोर जास्त हे कळे. वारा सारखा बदलत असल्याने यावर समाधान होईना. तेव्हा त्यांनी लाकडाची एक सहा फूट लांब पेटी केली, एका टोकाला पंखा बसवला आणि पेटीतून हवा सोडली. हाच त्यांचा वातबोगदा. त्यात ठेवायचे तराजू त्यांनी करवतीच्या जुन्या पात्यांचे आणि सायकलच्या आरांच्या तारेचे बनवले. १९०१ च्या अखेरीस या पेटीत त्यांनी सुमारे दोनशे आकारांचे पत्र्याचे पंख तपासले आणि आकडे वहीत उतरवले. लांब आणि अरुंद पंख आखूड आणि रुंद पंखापेक्षा बरा, हे त्यांना कळले ते या पेटीतून. १९०२ चे ग्लायडर त्या आकड्यांवर बांधले आणि ते गणिताप्रमाणे उडाले. हे सारे साहित्य आजही आपल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी एका फेरीत जमेल, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

दुसरी गोष्ट त्यांनी ओळखली ती तोल सांभाळण्याची. बाकीचे लोक विमान स्वतःच स्थिर राहावे म्हणून धडपडत होते. सायकलवाल्याला ठाऊक असते की सायकल स्थिर नसते, ती चालवणारा तिला क्षणाक्षणाला सावरत असतो. पंखांची टोके एकमेकांच्या उलट मुरडली तर एका बाजूचा जोर वाढतो, दुसऱ्या बाजूचा कमी होतो आणि विमान कलते. ही युक्ती विल्बरला दुकानात पुठ्ठ्याचे रिकामे खोके हातात पिळताना सुचली.

इंजिन बाजारात मिळेना. मोटारींची इंजिने फार जड. तेव्हा त्यांच्या दुकानातला यंत्रकामगार चार्ली टेलर याने सहा आठवड्यांत बारा अश्वशक्तीचे इंजिन हाताने बनवले. त्याचे धड गावातल्या ओतकाम कारखान्यात अॅल्युमिनियमचे ओतून घेतले होते. क्रँकशाफ्ट टेलरने पोलादाच्या सबंध लादीतून भोके पाडून, छिन्नीने तोडून आणि लेथवर फिरवून काढला. आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात ही हकिगत सांगितली की लोकांना तिचे फारसे आश्चर्य वाटत नाही. 'मग, दुसरं कसं करणार?' असे एका फौंड्रीवाल्या काकांनी आम्हालाच विचारले होते. ऑइल इंजिनांच्या गावात हा प्रश्न योग्यच आहे.

आणि मग तो दिवस. किटी हॉकजवळच्या वाळूत त्या दिवशी चार उड्डाणे झाली. पहिले बारा सेकंदांचे, १२० फुटांचे. शेवटचे विल्बरचे, ५९ सेकंदांचे, ८५२ फुटांचे. त्यानंतर वाऱ्याच्या झोताने विमान उलथून मोडले. पाच माणसे हजर होती. त्यांपैकी तीन जण जवळच्या जीवरक्षक ठाण्यातले, एक लाकडाचा व्यापारी, एक त्या बाजूचा पोरगा. जीवरक्षकांपैकी जॉन डॅनियल्सला ऑर्व्हिलने कॅमेऱ्याचा रबरी गोळा हातात देऊन ठेवला होता. त्याने पूर्वी कधी छायाचित्र काढलेले नव्हते. ते एकच छायाचित्र जगप्रसिद्ध झाले.

यातला बोधक भाग पुढे आहे. बंधूंनी वडिलांना तार केली. तारेत ५९ चे ५७ सेकंद झाले आणि ऑर्व्हिलच्या नावाचे स्पेलिंगही बिघडले. बातमी फुटली आणि नॉरफोक गावच्या एका वृत्तपत्राने दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर छापले की विमान तीन मैल उडाले! म्हणजे ताजी बातमी, तीही छापील, आणि चूक. ती चूक आहे हे आपल्याला कळते, कारण ऑर्व्हिलची रोजनिशी आहे, मोजलेली अंतरे आहेत, साक्षीदारांनी पुढे सांगितलेल्या हकिगती आहेत, छायाचित्र आहे, वातबोगद्याचे आकडे आहेत आणि खुद्द विमान आहे. तेव्हा उद्या कोणाला 'केसरी'चे कात्रण सापडलेच, तरी आपले काम तिथे संपणार नाही, सुरू होईल. कात्रणाखाली वही लागते.

अभिमानापायी इतिहास वाकवण्याचा मोह आपल्यालाच होतो असे मात्र समजू नये. लँग्ली हे स्मिथ्सोनियन संस्थेचे प्रमुख होते. माणूस वाहून नेणारे त्यांचे मोठे यंत्र १९०३ मध्ये दोनदा नदीत कोसळले, दुसऱ्यांदा ८ डिसेंबरला, म्हणजे किटी हॉकच्या नऊ दिवस आधी. पुढे १९१४ मध्ये ग्लेन कर्टिस यांनी ते यंत्र बरेच फेरफार करून एका तळ्यावरून थोडेसे उडवले आणि संस्थेने त्यावर 'माणसासह उडू शकणारे पहिले विमान' अशा अर्थाची पाटी लावली. एवढी मोठी संशोधन संस्था, पण आपल्या माणसाचा मोह सुटला नाही. ऑर्व्हिल इतका चिडला की त्याने आपले विमान १९२८ मध्ये लंडनच्या सायन्स म्युझियमला देऊन टाकले. संस्थेने १९४२ मध्ये जाहीरपणे चूक मान्य केली आणि ऑर्व्हिलच्या मृत्यूनंतर, १९४८ मध्ये, विमान मायदेशी परतले. ब्राझीलमध्ये आजही सांतोस-द्युमाँ यालाच पहिला मान देणारे पुष्कळ आहेत. त्याचे १९०६ चे पॅरिसमधील उड्डाण निदान भर दिवसा, परीक्षकांसमोर झाले होते.

आता तळपदे यांच्याकडे परत येऊ. त्यांच्या प्रयत्नांविषयी एक नोंद खरोखर उपलब्ध आहे, पण ती गोष्टीच्या विरुद्ध जाते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मुकुंद, देशपांडे, नागेंद्र, प्रभू आणि गोविंदराजू या पाच जणांनी १९७४ मध्ये 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाचा अभ्यास प्रसिद्ध केला. हा ग्रंथ भरद्वाज ऋषींचा म्हणून सांगितला जातो. तो आनेकल येथील सुब्बराय शास्त्री यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या पाव भागात तोंडी सांगितला आणि दुसऱ्याने लिहून घेतला. त्यातली चित्रे बंगळूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या आरेखकाने काढली. संस्कृत भाषा वैदिक नाही, अलीकडची आहे. चित्रांतील विमानांची वजने, आकार आणि शक्ती यांचे गणित मांडले तर त्यांतले एकही उडू शकत नाही, असा या पाच जणांचा निष्कर्ष आहे. आणि याच अभ्यासात असेही नोंदले आहे की शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली तळपदे यांनी काही नमुने बनवले होते, पण त्यांतला एकही त्यांना उडवता आला नाही.

पाऱ्याविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे, कारण हल्ली 'मरुत्सखा' पाऱ्याच्या आयनांवर चालत होते आणि अमेरिकेने ती विद्या उचलली असे आवर्जून सांगतात. पाऱ्याचे आयन इंजिन खरोखरच झाले आहे. नासाने १९६४ मध्ये ते अवकाशात चालवून पाहिले आणि १९७० मध्ये त्याची सुधारित आवृत्ती पाठवली. त्या दुसऱ्या इंजिनाचा रेटा सुमारे २८ मिलिन्यूटन होता. मुलांना हे गणित फळ्यावर करायला सांगावे : ०.०२८ भागिले ९.८ म्हणजे जवळजवळ ०.००२९ किलोग्रॅम, तीन ग्रॅमसुद्धा नाही. एक रुपयाचे नाणे त्याने उचलले जाणार नाही. जिथे हवा नाही आणि वजन जाणवत नाही तिथे इतका रेटा महिनोन्‌महिने मिळत राहिला की यानाची गती वाढते. चौपाटीवर त्याचा उपयोग नाही. दहावीच्या मुलाला हे दोन मिनिटांत पटते. ज्यांना पटत नाही ते सहसा दहावीच्या पुढे शिकलेले असतात.

जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर एक निबंध वाचला गेला आणि देशभर वाद झाला. त्याच महिन्यात तळपदे यांच्यावर बेतलेला हिंदी चित्रपटही आला. गोष्टीला तेव्हापासून नवे बळ मिळाले. आम्हाला वाईट वाटते ते तळपदे यांच्यासाठी. अपुऱ्या साधनांनी, एका ध्यासापायी आयुष्य वेचलेला हा माणूस कसा होता, त्याने नेमके काय बनवले, तो कुठे अडला, हे शोधण्यासारखे होते. दीड हजार फुटांच्या दंतकथेने ती वाट बुजवली. ज्याला आधीच विजयी ठरवले त्याच्या अपयशाचा अभ्यास कोण करणार?

भारताच्या आकाशातली खरी पहिली पाने मात्र चांगली जपलेली आहेत. अलाहाबादला १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने सुमारे साडेसहा हजार पत्रांची पिशवी यमुनेपलीकडे नैनीला विमानाने नेली. जगातील पहिले अधिकृत हवाई टपाल ते हेच. त्या पत्रांवर खास शिक्का मारला होता आणि त्यांतली कित्येक संग्राहकांकडे अजून आहेत. कोणाला शंका असेल तर पुरावा पाकिटात आहे.

आणि मराठी नावच हवे असेल, तर तेही आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या हवाई दलातून लढलेल्या भारतीय वैमानिकांत चार नावे नेहमी घेतली जातात : हरदित सिंग मलिक, इंद्रलाल रॉय, एरॉल चंदर सेन आणि मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर. त्या काळी भारतीयाला लष्करात बरोबरीचा अधिकारी होऊ देण्यास सरकार नाखूश होते. मलिक यांनाही आधी नकारच मिळाला होता. इंद्रलाल रॉय यांनी जुलै १९१८ च्या दोन आठवड्यांत दहा विमाने पाडली आणि त्याच महिन्यात वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ते गेले. बंगालमध्ये त्यांचे नाव शाळकरी मुलांना माहीत असते.

वेलिणकर केंब्रिजमध्ये शिकलेले. ते २३ व्या स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन जातीचे विमान चालवत. या विमानाची रचना चमत्कारिक होती. वरचा पंख खालच्या पंखाच्या मागे सरकवलेला आणि वैमानिकाचे डोके वरच्या पंखाच्या चौकटीतून बाहेर आलेले. नजर चौफेर फिरे, पण विमान उलटले तर आधी डोकेच जमिनीला लागणार. हवाई छत्री त्या वेळी ब्रिटिश वैमानिकांना दिली जात नसे. २७ जून १९१८ रोजी गस्तीवर असताना वेलिणकर यांचे विमान पाडले गेले. जखमी अवस्थेत ते जर्मनांच्या हाती लागले आणि तीन दिवसांनी, ३० जूनला, वारले. फ्रान्समधल्या सोम भागात हँगार्ड गावच्या युद्धस्मशानात त्यांची कबर आहे. युद्धकबरींच्या नोंदवहीत नाव, हुद्दा, तुकडी, तारीख सगळे आहे.

राइट बंधूंच्या बारा सेकंदांनंतर पंधरा वर्षांच्या आत एक मराठी तरुण युद्धविमान चालवत होता. ही गोष्ट आम्ही पंधरा वर्षांपूर्वीच्या त्या शिबिरात सांगितली नाही, कारण आम्हाला ती ठाऊकच नव्हती. ठाऊक करून घ्यायला फार कष्टही पडले नसते. टाळ्या देणारी गोष्ट हाताशी असताना माणूस दुसरी शोधत नाही, इतकेच.

कोल्हापूरकरांनी विमानासाठी फार दूर पाहायला नको. उजळाईवाडीच्या माळावरचा विमानतळ संस्थानी काळात, छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत आकाराला आला. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन जुहूला विमान उतरवले, त्याच दशकातली ही दृष्टी. संस्थानचे दप्तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आहे. १८५० मध्ये स्थापन झालेल्या करवीर नगर वाचन मंदिरासारखे ग्रंथालय शहरात आहे. इतिहासाच्या आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी मिळून आठवी-नववीच्या मुलांना एक दिवस तिथे न्यावे. माळावर पहिले विमान केव्हा उतरले, कोणाचे होते, त्या दिवशीच्या कागदात काय लिहिले आहे, हे मुलांनीच शोधावे. तारीख मिळाली तर उत्तम. दोन कागदांत दोन तारखा मिळाल्या तर त्याहून उत्तम.

त्या मुलीच्या तक्त्याचे काय झाले ते सांगायचे राहिले. आम्ही गुण राखून ठेवले आणि सरांना म्हणालो की चूक आमची आहे, तेव्हा दुरुस्तीही आम्हीच करू. पुढच्या महिन्यात जाऊन आम्ही शाळेत पेनोच्या धर्तीचे विमान केले. अर्ध्या मीटरपेक्षा लांब नसलेली बांबूची काडी, पतंगाच्या कागदाचे पंख, शेपटीला प्लॅस्टिकचा पंखा आणि दुपदरी रबर. मागचा लहान पंख पुढच्यापेक्षा किंचित खाली तोंड करून बसवायचा, एवढी एकच खुबी आहे. त्यामुळे नाक खाली गेले तर ते आपोआप वर येते, वर गेले तर खाली. सगळ्याचे वजन वीस ग्रॅमच्या आत राहिले पाहिजे. खेळाच्या तासाला शाळेच्या मैदानावर एकवीस उड्डाणे झाली. ती मुलगी घड्याळ घेऊन उभी होती आणि वहीत लिहीत होती. तिसऱ्या उड्डाणापुढे तिने लिहिले आहे : 'चार सेकंद. डावीकडे वळून पडले. वारा नव्हता. कारण कळले नाही.' कारण आम्हालाही लगेच कळले नव्हते. उजवा पंख सात मिलिमीटर लांब होता, ते अकराव्या उड्डाणानंतर मोजल्यावर लक्षात आले.

ज्या शाळा हे करून पाहतील त्यांनी आपले आकडे या मासिकाकडे जरूर पाठवावेत. न उडालेल्या विमानांचेही पाठवावेत.